फाटकाजवळची पत्र्याची खोली आणि मण्यार

रानजाई (धागालेखिका)

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला, बावधनच्या टेकडीच्या उतारावर आहे. पूर्वी येथे गवताळ माळ, दगडी बांध आणि पावसाळी ओहोळ होते. आज तेथे चार इमारती, वाहनतळ, एक बाग आणि मागच्या भिंतीलगत बांधकामातून उरलेल्या राडारोड्याचा ढीग आहे. गेल्या पावसाळ्यात वाहनतळात दोनदा नाग, बागेत एकदा घोणस आणि धामण तर अनेकदा दिसली. प्रत्येक वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर शेकडो संदेश आले, व्यवस्थापन समितीला जाब विचारला गेला, सर्पमित्राने साप नेला आणि दोन दिवसांत विषय मागे पडला. ज्या घटनेवर त्या गटात कोणीच काही लिहिले नाही, ती सांगण्यासाठी हा धागा काढत आहे.

जुलैमधल्या एका पहाटे चारच्या सुमारास आमच्या रखवालदाराच्या पत्नीच्या पोटात असह्य दुखू लागले. ते कुटुंब फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहते आणि जमिनीवर सतरंजी अंथरून झोपते. जवळच्या एका खासगी दवाखान्यात तिला पित्ताचे औषध देऊन घरी पाठवण्यात आले. सहा वाजेपर्यंत तिच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली आणि थुंकीही गिळता येईना. तिच्या सासूबाई गावाहून आलेल्या होत्या. त्यांनी सुनेचे डोळे पाहिले आणि "हिला पान लागलंय", म्हणजे साप चावला आहे, एवढेच म्हणाल्या. साप कोणी पाहिला नव्हता, अंगावर सूज नव्हती, दाताची खूणही सापडत नव्हती. तरीही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही तिला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात नेले. ती चार दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर होती आणि वाचली. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या पेटीमागच्या भेगेत सर्पमित्राला मण्यार सापडली.

त्यानंतर मी मण्यारीविषयी मिळेल ते वाचले आणि जाणत्यांना विचारले. हा साप दिवसा सहसा दिसत नाही. रात्री भक्ष्याच्या शोधात फिरतो आणि त्या फिरण्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. झोपेत कूस बदलताना किंवा हात पडल्यावर तो चावतो. त्याचे दात बारीक असल्यामुळे दंश डास किंवा मुंगी चावल्यासारखा वाटतो आणि पुष्कळदा झोपमोडही होत नाही. काही तासांनी पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे ही लक्षणे सुरू होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात पहाटे अकारण पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर मण्यारीची शंका घेतलीच पाहिजे, हे त्या सासूबाईंना ठाऊक होते आणि औषध देणाऱ्या दवाखान्याला सुचले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

माझे म्हणणे असे आहे की, उपनगरांत सापांची भीती एकाला वाटते आणि धोका दुसऱ्याला असतो. चौथ्या मजल्यावर पलंगावर झोपणाऱ्या माझ्यासारखीला मण्यार चावण्याची शक्यता फार थोडी आहे. ती रखवालदाराच्या मुलांना आहे, बागेत अनवाणी काम करणाऱ्या माळीकाकांना आहे, पहाटेच्या अंधारात कचऱ्याचे डबे उचलणाऱ्या मावशींना आहे आणि शेजारच्या बांधकामावर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मजुरांना आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरण पावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत आणि बहुसंख्य ग्रामीण भागातले आहेत. जमिनीवर झोपणे, दारापाशी उजेड नसणे आणि उपचार वेळेत न मिळणे ही त्या मृत्यूंमागची परिस्थिती आमच्या फाटकाजवळच्या दहा बाय दहाच्या खोलीत जशीच्या तशी आहे, आणि ती खोली आमच्या मालकीची आहे.

म्हणून "साप पकडा आणि लांब सोडा" यापलीकडे आपल्या सोसायट्यांनी काय केले, हे मला जाणून घ्यायचे आहे.

अंगणवेल

वाचून वाईट वाटले. ती बाई वाचली हे मोठे दैव. परंतु मला माझ्या भीतीविषयीही लिहावेसे वाटते. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, आम्ही तळमजल्यावर राहतो, आणि मे महिन्याच्या शेवटी आमच्या अंगणात वीतभर लांबीची घोणशीची पिल्ले निघाली. एक सापडले, मग दुसरे, आणि आठवडाभरात सहा. त्या आठवड्यात मी रात्री नीट झोपले नाही. साप सापडला की त्याला दहा-पंधरा किलोमीटर दूर जंगलात सोडावे, असे मला अजूनही वाटते. कुंपणाच्या कडेने कार्बोलिक ॲसिड शिंपडण्याचाही आमच्या समितीचा विचार आहे. याचा उपयोग होतो का?

टेकडीवाटसरू

मी या भागात चौदा वर्षे सर्पमित्र म्हणून काम करतो. अंगणवेलताई, तुमची भीती अगदी रास्त आहे, कारण घोणशीचे पिल्लू जन्मापासून विषारी असते. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस ते चाळीस पिल्ले होतात. उन्हाळा संपता संपता आणि पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला येणाऱ्या फोनमध्ये या पिल्लांचे फोन पुष्कळ असतात. ती मांडूळ किंवा अजगराची पिल्ले समजून लोक हातात घेतात, आणि याच चुकीने तरुण मुलांची बोटे गेलेली मी पाहिली आहेत. पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपक्यांचे तीन पट्टे आणि त्रिकोणी डोके दिसले, तर लांबी वीतभर असली तरी हात लावू नये. मोठी घोणस प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते; तो कानावर पडताच जागच्या जागी थांबावे आणि आवाज कोठून येतो हे कळल्यावरच मागे सरावे.

कार्बोलिक ॲसिडचा मात्र उपयोग नाही. त्याने साप अडत नाहीत. उलट मुलांची, कुत्र्यामांजरांची आणि शिंपडणाऱ्या माळ्याची कातडी भाजते. फिनाईल, लसूण, गंधकाची पूड आणि सर्पगंधेचे रोप यांचीही तीच गत आहे. यांवर खर्च होणारा पैसा ड्रेनेजच्या तोंडाला जाळी बसवण्यावर आणि भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवण्यावर खर्च झाला, तर त्याचे फळ दिसते. दाराखाली करंगळी जाईल एवढी फट असली, तरी मण्यारीला पुरते.

लांब सोडण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. सापाला त्याच्या भागातली बिळे, पाणी आणि भक्ष्याच्या जागा माहीत असतात. परक्या जागी सोडलेला साप आसरा शोधत भटकत राहतो, आणि असा भटका साप माणसाच्या वाटेत येण्याची शक्यता वाढते. जेथे सोडले ती जागा कोणत्या तरी गावाची शेते असतात, हेही आपण विसरतो. शिवाय उंदरांचे खाद्य तसेच राहिले, तर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा साप येतो. तुमच्या अंगणाच्या मागे ओल्या कचऱ्याचे डबे उघडे असतील, तर घोणस तेथे उंदरांसाठी आली आहे. डब्यांना घट्ट झाकणे लावा, पक्ष्यांसाठी दाणे टाकत असाल तर ते रात्री झाडून घ्या.

एक विनंती सर्वांना आहे. साप दिसला की वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा आणि आम्ही येईपर्यंत लांबून त्याच्यावर नजर ठेवा, एवढेच पुरे. नजर हटली आणि साप दिसेनासा झाला, की काम शतपटीने अवघड होते. जो सर्पमित्र साप गळ्यात घालून छायाचित्रे काढतो किंवा लोकांसमोर खेळ करतो, त्याला पुन्हा बोलावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणे जसे गुन्हा आहे, तसे तो घरी बाळगणे आणि त्याचे खेळ करणेही गुन्हा आहे. अशा हौसेपायी आमच्यातले चांगले कार्यकर्ते आम्ही गमावले आहेत.

सडावासी

आमच्याकडे देवगडला घोणशीपेक्षा फुरशाची धास्ती अधिक. कातळसड्यावर, जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, आणि आंबा-काजूच्या बागेतल्या पाचोळ्यात ते असते. जेमतेम हातभर लांब, मातीच्या रंगाचे, आणि डिवचले गेले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. आता गावाच्या कडेला, सड्यावरच, घरांचे नवे प्रकल्प उभे राहत आहेत आणि मुंबईकर तेथे सुट्टीपुरते येतात. आठ महिने बंद असलेल्या घराच्या पायरीवर चिऱ्यांचा ढीग असतो, आणि आल्या दिवशी मालक तो उघड्या हाताने हलवतात. आमचे गडी आधी काठीने चिरा उलथतात, मग हात घालतात. ही सवय नव्या घरमालकांना कोणी शिकवत नाही, एवढेच सांगायचे होते.

ब्रिस्बेनकर

मी मूळचा साताऱ्याचा, अकरा वर्षे ब्रिस्बेनच्या उपनगरात राहतो. येथे छतात कार्पेट अजगर राहणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि कुंपणाशी ईस्टर्न ब्राउन नावाचा अत्यंत विषारी सापही निघतो. ऑस्ट्रेलियातले सर्पदंशाचे सर्वाधिक मृत्यू त्याच्यामुळे होतात. तरीही संपूर्ण देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोनच माणसे दगावतात. मला वाटते याचे एक कारण येथील प्रथमोपचार आहे. दंश झालेल्या हाताला किंवा पायाला रुंद लवचिक पट्टी खालपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळतात, काठी बांधून तो अवयव स्थिर करतात आणि माणसाला अजिबात चालू देत नाहीत. १९७९ मध्ये स्ट्रुअन सदरलँड या ऑस्ट्रेलियन विषतज्ज्ञांनी ही पद्धत मांडली, आणि आता ती प्रथमोपचाराच्या वर्गांत सर्रास शिकवली जाते. आपल्याकडे ही पट्टी प्रत्येक सोसायटीत का ठेवू नये?

तालुकावैद्य

मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे सर्पदंशाचा रुग्ण नाही असा आठवडा जात नाही. ब्रिस्बेनकर, तुमची सूचना कळकळीची आहे, परंतु ती पट्टी तेथे लागू पडते म्हणून येथे लागू पडेल असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक घातक सापांच्या विषाने दंशाच्या जागी फारसा नाश होत नाही. आपल्याकडे घोणस, फुरसे आणि नाग यांच्या विषाने त्या जागेचे मांस सडते. विष तेथेच कोंडून ठेवले तर हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. घरातल्या माणसांना साप बहुधा ओळखता येत नाही, आणि घाबरलेल्या हातांनी बांधलेली पट्टी पाहता पाहता आवळपट्टी होते. म्हणून येथे घट्ट काहीही बांधू नये. फळीचा आधार देऊन अवयव हलणार नाही एवढे पाहावे, अंगठी, बांगड्या, जोडवी आणि पैंजण लगेच काढावेत, रुग्णाला चालवू नये आणि १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. चिरा देणे, रक्त चोखणे, बर्फ लावणे, मांत्रिकाकडे नेणे यांत गेलेली वेळ परत मिळत नाही. साप मारून आणण्याची गरज नाही. आम्ही उपचार लक्षणांवरून करतो. लांबून सहज छायाचित्र मिळाले तर उत्तम, त्यासाठी सापामागे जाऊ नये.

रुग्णालयात काय होते हे माहीत असले की नातेवाईक धीर धरतात, म्हणून सांगतो. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतो. वीस मिनिटांनी नळी तिरकी केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर ते घोणस किंवा फुरशाचे विष समजतो आणि प्रतिविष सुरू करतो. आपले प्रतिविष, ज्याला लोक सापाची लस म्हणतात, घोड्यांच्या रक्तापासून बनते आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांवर चालते. पहिली मात्रा साधारण आठ ते दहा कुप्यांची असते, आणि लहान मुलालाही तेवढीच द्यावी लागते, कारण सापाने सोडलेले विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. या प्रतिविषाची काहींना तीव्र रिॲक्शन येते, म्हणून ते घरी किंवा साध्या दवाखान्यात घेण्याचे औषध नव्हे.

मण्यारीची गोष्ट वेगळी आहे. तिचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते, आणि ती इजा झाल्यावर प्रतिविषाने भरून येत नाही. शरीर स्वतः ती भरून काढेपर्यंत श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. त्यामुळे रानजाई यांच्या रखवालदाराची पत्नी वाचली, यात व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी ती वेळेत पोहोचली याचा वाटा फार मोठा आहे. पापण्या मिटलेला, हात न हलवणारा रुग्ण मेला असे समजून उपचार सोडू नयेत. त्याला पुष्कळदा सारे ऐकू येत असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिलेली आहे. आपल्या देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. आमच्या भागातल्या काही घोणस-रुग्णांना अपेक्षेपेक्षा अधिक कुप्या लागतात आणि तरीही मूत्रपिंडे सावरत नाहीत, तेव्हा महाराष्ट्रातल्या विषाचा समावेश व्हावा असे तीव्रतेने वाटते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ध्येय ठेवले आहे. त्यात प्रादेशिक विषाचे काम कसे पुढे जाते, याकडे आम्ही डोळे लावून आहोत.

अंगणवेल

तालुकावैद्य, मुलालाही तेवढीच मात्रा लागते हे मला माहीत नव्हते. आज दुपारी मी जवळच्या पाच रुग्णालयांना फोन करून प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत का, असे विचारले. दोघांनी नाही म्हणून सांगितले, एकाने "विचारून कळवतो" म्हटले, दोन ठिकाणी आहे. त्या दोघांचे क्रमांक मी आमच्या चारही लिफ्टमध्ये आणि रखवालदाराच्या टेबलावर चिकटवले आहेत. कार्बोलिक ॲसिडचा विषय समितीतून काढून घेतला.

टेकडीवाटसरू यांना एक प्रश्न आहे. काल स्वयंपाकघराच्या भिंतीवर काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप चढताना दिसला. आम्ही मण्यार समजून घर रिकामे केले; आलेल्या सर्पमित्राने तो बिनविषारी कवड्या आहे असे सांगितले. फरक कसा ओळखावा?

टेकडीवाटसरू

कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे नेमके उलट असते. मानेपाशी पट्टे नसतात किंवा तुटक असतात, आणि पुढे बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या शेपटीपर्यंत स्पष्ट होत जातात. मण्यारीचा रंग निळसर झाक असलेला चकचकीत काळा, कवड्याचा बहुधा तपकिरी. कवड्या पालींच्या मागे भिंतीवर सहज चढतो. परंतु तुम्ही घर रिकामे केलेत तेच योग्य होते. ही ओळख भीती कमी करण्यासाठी वापरावी, साप हाताळण्यासाठी नव्हे. अनुभवी माणसेही यात फसलेली आहेत.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आमची सभा झाली, तिचा वृत्तांत लिहिते.

राडारोडा उचलण्याला कोणाचा विरोध नव्हता. ढीग हलवताना टेकडीवाटसरू स्वतः उपस्थित होते. त्यातून एक धामण आणि नागाची एक कात निघाली. वाद झाला तो रखवालदाराच्या खोलीवरून. "ती खोली तात्पुरती आहे, तिच्यावर खर्च कशाला," असे दोन सभासद म्हणाले. मी त्यांना त्या रात्रीचा वृत्तांत सांगितला, आणि तालुकावैद्य यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोन लोखंडी खाटा, गादीखाली खोचता येतील अशा दोन मच्छरदाण्या, जमिनीची भेग बुजवणे, दाराखाली रबरी पट्टी, फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत दोन दिवे, आणि माळीकाका व सफाई करणाऱ्या मावशींसाठी गमबूट व विजेऱ्या, या साऱ्याचा खर्च आमच्या दिवाळीच्या रोषणाईपेक्षा कमी आला. ठराव मंजूर झाला आणि बुधवारी खाटा आल्या.

मच्छरदाणी खोचून घेण्याची सवय मुलांना लागली आहे. त्यांची आई मात्र अजून रात्री दोनदा उठून विजेरीने खाटेखाली पाहते, आणि तिला "आता भीती नाही" असे सांगण्याचे धैर्य मला होत नाही.

आमच्या भिंतीपलीकडच्या बांधकामावर चौदा कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर झोपतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने त्यांच्या तात्पुरत्या निवासाची विनामूल्य सोय करणे काम देणाऱ्या मालकावर बंधनकारक केले होते (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), परंतु ठेकेदार खाटांचा विषय काढू देत नाही. या शनिवारी आम्ही चौघे मच्छरदाण्या घेऊन तेथे जाणार आहोत. ज्यांच्या शेजारी असे काम चालू आहे आणि ज्यांनी ठेकेदाराला राजी केले आहे, त्यांनी ते कसे केले हे शनिवारच्या आत येथे लिहावे.